गोळीला जात चिकटवणारे

अमेरिकेत एक गोळी आहे. नाव बायडिल. 23 जून 2005 ला तिथल्या सरकारच्या औषध खात्यानं तिला परवाना दिला. परवान्यात लिहिलं, ही गोळी काळ्यांसाठी. म्हणजे हृदय निकामी होत चाललेल्या आणि स्वतःला काळा म्हणवणाऱ्या रोग्यांसाठी. वंश बघून दिलेला तिथला हा पहिला परवाना.

ही गोष्ट मला आपल्याच एका अभ्यासवर्गात कळली आणि ज्या आनंदानं ती सांगितली गेली त्यानं माझं टाळकं सरकलं. सांगणारा आपलाच. शिकलेला, फार्मसीवाला. म्हणाला, बघा, काळ्यांनी लढून स्वतःचं औषध मिळवलं. आपलंही रक्त वेगळं, आपले जीन्स वेगळे, आपण इथले मूळनिवासी, आपणही आपल्या रक्ताचं औषध मागितलं पाहिजे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणं सोपं असतं, त्याला माहिती लागत नाही. मी नववीत शाळा सोडलेला, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस. मला बोलायला माहिती लागते. म्हणून रात्रपाळी सुटली की डिक्शनरी घेऊन बसलो आणि या गोळीचा सगळा खानदान काढला. तो इथं मांडतो. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

आधी रोग. हार्ट फेल म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं खेळ खलास. तसं नसतं. हृदय चालू असतं, पण पंपाचा जोर गेलेला असतो. वरच्या मजल्याला पाणी चढत नाही तसं. पाय सुजतात, चप्पल चढत नाही. फुप्फुसात पाणी साठतं, आडवं झालं की दम कोंडतो. मग माणूस भिंतीला टेकून रात्र काढतो. हा रोग रक्तदाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला की होतो, हृदयाच्या नळ्या तुंबल्या की होतो, मूत्रपिंड, साखर, दारू, जुना ताप, कशानंही होतो. अमेरिकेतल्या गोऱ्यांत तुंबलेल्या नळ्यांचा वाटा मोठा. काळ्यांत रक्तदाबाचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गोळी. तिच्यात नवीन काही नाही. दोन जुनी औषधं एकत्र दाबली आहेत. एक हायड्रलझिन, 37.5 मिलिग्रॅम. दुसरं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, 20 मिलिग्रॅम. दुसरं नाव अवघड वाटतं ना? आपल्या वस्तीत म्हाताऱ्यांच्या उशाशी जी सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती, तेच हे. एक औषध धमन्या सैल करतं, दुसरं शिरा सैल करतं, पंपावरचा भार उतरतो. नळाच्या कामातलं कुणीही समजेल.

या जोडीची पहिली मोठी चाचणी अमेरिकेच्या माजी सैनिकांवर झाली. 642 पुरुष, गोरे आणि काळे दोन्ही. निकाल छापून आला 1986 मध्ये. जोडीनं थोडा फायदा दिसला. दुसरी चाचणी 804 जणांची, 1991 ची. तीत एनालाप्रिल नावाचं दुसरं औषध या जोडीपेक्षा सरस ठरलं. तरी जोडीची गोळी करून परवाना मागितला गेला आणि 1997 मध्ये औषध खात्यानं तो नाकारला. म्हणाले, तुमचे आकडे परवान्याला पुरत नाहीत. इथपर्यंत ही गोळी सगळ्या माणसांची होती. काळी नव्हती, गोरी नव्हती.

मग काय झालं? जुन्या चाचणीच्या वह्या पुन्हा उघडल्या. काळे वेगळे काढले, गोरे वेगळे काढले. पहिल्या चाचणीतले ज्यांना ही जोडी मिळाली असे काळे मोजून 49. त्या 49 जणांत फायदा जास्त दिसला. 1999 मध्ये ते छापलं. त्याच वर्षी नायट्रोमेड नावाच्या कंपनीनं गोळीचे हक्क घेतले. आणि पेटंट बघा. सगळ्या माणसांसाठीच्या जुन्या पेटंटची मुदत 2007 मध्ये संपणार होती. 2002 मध्ये नवं पेटंट मिळालं, काळ्या रोग्यांवर वापरण्याचं. त्याची मुदत 2020. औषध तेच, माणसं तीच. फक्त माणसाच्या कपाळावर 'काळा' लिहिलं की तेरा वर्षांचा जादा मक्ता. जोनाथन कान नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकानं हे सगळं खणून काढलं आणि 2012 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आमच्या खात्यात एक म्हणणं आहे, बॉबिन तीच, लेबल बदललं की भाव बदलतो.

पण थांबा. मी कंपनीला शिव्या घालून मोकळा होणार नाही, कारण पुढचा भाग शिव्यांत बसत नाही. 2001 मध्ये नवी चाचणी सुरू झाली. 1050 रोगी, सगळे काळे, सगळ्यांचं हृदय बऱ्यापैकी खचलेलं. नेहमीची औषधं सगळ्यांना चालूच. त्यावर अर्ध्यांना ही गोळी, अर्ध्यांना नुसती खडूची. जुलै 2004 मध्ये चाचणी मधेच थांबवावी लागली. कशापायी? खडूच्या गोळीवाल्यांत शंभरातले 10.2 मेले होते, औषधवाल्यांत 6.2. आणखी वाट बघणं म्हणजे माणसं मारणं झालं असतं. चौपन्न मेले एकीकडे, बत्तीस दुसरीकडे. मधली बावीस माणसं कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप आहेत. त्यांच्यापुढं उभं राहून मी 'हे भांडवलदारांचं कारस्थान' एवढंच म्हणू शकत नाही. काळ्या हृदयतज्ज्ञांची संघटना या चाचणीत भागीदार होती. एनएएसीपी ही काळ्यांची जुनी संघटनाही गोळीच्या बाजूनं उभी राहिली. ते काही मूर्ख नव्हते. वर्षानुवर्षं चाचण्या गोऱ्या पुरुषांवर व्हायच्या आणि औषध सगळ्यांना वाटलं जायचं. पहिल्यांदा हजार काळी माणसं कुणीतरी मोजली, त्यांच्यावर काय चालतं ते बघितलं. ही तहान मला कळते.

माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. या चाचणीत एकही गोरा नव्हता. मग ही गोळी काळ्यांवर 'जास्त' चालते हे कळलं कुठून? काळ्यांवर चालते एवढंच कळलं. गोऱ्यांवर, चिन्यांवर, तुझ्या-माझ्या बापावर चालते की नाही, ते विचारलंच नाही. विचारायची कंपनीला गरज नव्हती, तिच्या हातात काळ्यांचं पेटंट होतं. एका गोळीला 1.80 डॉलर भाव लावला. दिवसाला सहा गोळ्यांपर्यंत लागतात, म्हणजे 10.80 डॉलर. तीच दोन औषधं सुट्टी घेतली तर कितीतरी स्वस्त. शेवटी गोळी खपली नाही आणि जानेवारी 2008 मध्ये कंपनीनं तिचा प्रचारच बंद केला. गरिबाच्या नावानं काढलेली वस्तू गरिबाच्या खिशात मावली नाही. आणि सुट्टी औषधं तरी मिळाली का? पुढं तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्या काळ्या रोग्यांना ही जोडी द्यायला हवी होती त्यांतल्या चौथ्या हिश्शालाही ती मिळत नव्हती. 2022 च्या डॉक्टरी नियमावलीतसुद्धा ती काळ्या रोग्यांसाठी पहिल्या दर्जाची म्हणून लिहिलेली आहे. लिहिलेलं आहे. आपल्याकडंही खूप काही लिहिलेलं आहे.

आता 'रक्त वेगळं' या गोष्टीकडं येतो. रक्तदाब हा काळ्यांच्या हृदयाचा मोठा वैरी, हे वर म्हटलं. तो रक्तातून आला असेल तर आफ्रिकेत तो सगळ्यात जास्त असायला हवा की नाही? रिचर्ड कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी हेच बघितलं. पश्चिम आफ्रिकेतून ज्यांचे पूर्वज आले अशा सात ठिकाणच्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीनं मोजला. निकाल 1997 चा. पश्चिम आफ्रिकेत शंभरात 16 जणांना रक्तदाब. कॅरिबियन बेटांवर 26. अमेरिकेत 33. पूर्वज तेच. समुद्र ओलांडला, गुलामीचा मळा ओलांडला, शहरातली कोंडलेली वस्ती आली, आकडा दुप्पट झाला. आता सांगा जीन्स कुठं बदलले? जहाजात?

दुसरा आकडा तर मला रात्रपाळीत झोपू देत नाही. म्हणजे रात्रपाळीत झोपायचं नसतंच, पण तुम्हाला कळलं. 1985-86 मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत 18 ते 30 वयाची 5115 तरुण माणसं निवडली, काळे-गोरे जवळपास निम्मे निम्मे. वीस वर्षं पाठपुरावा केला. पन्नाशीच्या आत हृदय निकामी झालं अशी 27 निघाली. त्यांतली काळी किती? 26. सरासरी वय 39. आणि विशीतच त्यांच्यात खुणा दिसत होत्या. चढलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, जाडी. दहा-पंधरा वर्षं आधी खूण दिसत होती, आणि खूण दिसूनही कुणी ती खोडली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या जगातल्या सगळ्यात स्वस्त गोळ्यांपैकी.

कंपनीच्या जाहिरातीत सांगितलं जायचं की काळे या रोगानं गोऱ्यांच्या दुप्पट मरतात. कान यांनी तो आकडा शोधला तेव्हा जुना निघाला. सगळ्या वयांचे मिळून नव्या नोंदी बघितल्या तर प्रमाण जवळजवळ सारखं. पण कमी वयात फरक मोठा. म्हणजे गोरा म्हातारा होऊन या रोगानं जातो आणि काळा कमावत्या वयात जातो. सरासरीत दोघं एकच दिसतात. सरासरीचा हा खेळ आपल्या लोकांनी नीट शिकून घ्यावा, पुढं उपयोगी पडेल.

औषध लागू पडण्याचंही तसंच. 2001 मध्ये एकाच डॉक्टरी मासिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एकात होतं की एनालाप्रिलनं गोऱ्या रोग्यांचं इस्पितळात भरती होणं 44 टक्क्यांनी घटलं, काळ्यांचं तसं घटलं नाही. दुसऱ्यात होतं की कार्व्हेडिलॉल काळ्या-गोऱ्यांना सारखंच लागू पडतं. पहिला लेख गाजला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी त्याच मालिकेतले आकडे घेऊन दाखवलं की रोग उघड होऊ न देण्याच्या कामात एनालाप्रिल दोघांनाही सारखंच येतं. ते किती जणांनी ऐकलं? 'काळ्यांना चालत नाही' हे वाक्य मात्र डॉक्टरांच्या डोक्यात बसलं. परिणाम काय होतो, एखादा डॉक्टर काळ्या रोग्याला ते औषध लिहायलाच कचरतो. फरक काहीच नाहीत असं मी म्हणत नाही. या जातीच्या औषधांनी ओठ, जीभ सुजण्याचा त्रास काळ्यांत जास्त होतो, ते खरं आहे, जपलं पाहिजे. पण त्रास जपणं वेगळं आणि औषध रोखणं वेगळं.

हे रक्ताचं खूळ नवं नाही. 1896 मध्ये फ्रेडरिक हॉफमन नावाच्या विमा कंपनीच्या आकडेतज्ज्ञानं पुस्तक लिहून सांगितलं की निग्रो वंशच कमजोर, तो मरायलाच जन्मला. याला उत्तर दिलं डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी. 1906 मध्ये, अटलांटा विद्यापीठातून. आकड्याला आकडा लावून दाखवलं की ही मरणं दारिद्र्याची, घाणीची, कोंडलेल्या घरांची आहेत. याच ड्यू बॉइसनी पुढं एनएएसीपी उभी करण्यात भाग घेतला. जी संघटना 2005 मध्ये वंशाच्या गोळीमागं उभी राहिली ती हीच. इतिहास अशी थोबाडीत मारतो. आणि याच ड्यू बॉइसना 1946 मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. हे पत्र आपण सभेत मिरवतो. पण दोघांच्या विचाराचं काय?

मूळनिवासी रक्ताच्या गप्पा मारणाऱ्या मित्रा, बाबासाहेब वाच. 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी स्वच्छ मांडलं आहे की जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक विभागणी आहे. 1901 च्या जनगणनेचा मुख्य रिस्ले पट्टी घेऊन नाकं मोजत होता, रुंद नाक खालची जात, सरळ नाक वरची जात. बाबासाहेबांनी 1948 च्या 'अनटचेबल्स'मध्ये नाकं मोजणाऱ्यांचेच आकडे त्यांच्यावर उलटवले. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे दाखवलं. आणि तू, पाऊणशे वर्षांनंतर, तीच पट्टी हातात घेऊन स्वतःचं नाक मोजतोस. कोणासाठी? त्या पट्टीवर आपलं नाक कधीच पास होणार नाही, कारण पट्टी त्यांनी बनवली आहे.

पट्टीनं काय होतं ते माझ्या धंद्यातलं सांगतो. कापसाची धूळ. ब्लोरूम, कार्डिंगमध्ये ज्यांनी काम केलं त्यांना माहीत आहे, सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. नाव बिसिनोसिस. 1978 मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं कापसाच्या धुळीचे नियम केले. चांगले नियम, कामगार लढले म्हणून झाले. कामगारानं नळीत फुंकायचं, फुप्फुसाची ताकद मोजायची, ती ठरलेल्या आकड्यापेक्षा फार कमी भरली तर पुढची तपासणी. पण काळा कामगार असेल तर ठरलेला आकडा आधी 0.85 नं गुणायचा. काळ्याची फुप्फुसं मुळातच पंधरा टक्के कमी, असं गृहीत. म्हणजे एकाच खात्यात, एकाच धुळीत उभे असलेले दोन कामगार. दोघांचा फुंकर सारखाच कमी. गोऱ्याला यंत्र म्हणतं, तू आजारी. काळ्याला म्हणतं, तुझ्या जातीला एवढंच असतं, जा, कामाला लाग.

ही कल्पना आली कुठून? 1851 मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या लुइझियानाच्या डॉक्टरनं लिहिलं होतं की गुलामाची फुप्फुसं कमी पडतात म्हणून राबवून घेणं हाच त्याला इलाज. हाच तो इसम ज्यानं गुलामाच्या पळून जाण्याला रोगाचं नाव दिलं. अशा माणसाचं भूत आकड्याच्या रूपानं गिरणीच्या यंत्रात सव्वाशे वर्षांनी बसलेलं होतं. फुप्फुसाच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेनं वंश सोडून मोजा असं सांगायला 2023 उजाडलं.

हृदयाच्या खात्यातही असलंच यंत्र होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या नावानं एक हिशेब चालायचा, इस्पितळात आलेला हृदयाचा रोगी मरण्याचा धोका किती. वय, रक्तदाब, नाडी यांचे गुण. आणि 'काळा नाही' असेल तर तीन गुण जादा. गुण जास्त म्हणजे धोका जास्त, म्हणजे लक्ष जास्त. काळ्याला ते तीन गुण नाहीत. कशासाठी हे तीन गुण, याचं कारणही दिलेलं नव्हतं. 2020 मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच हे चव्हाट्यावर आणलं. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनच्या एका नामांकित इस्पितळाच्या दहा वर्षांच्या नोंदी छापून आल्या. हृदय निकामी म्हणून आलेले काळे आणि लॅटिन रोगी हृदयाच्या खास कक्षात कमी जात होते, साध्या वॉर्डात जास्त. आणि जे खास कक्षात जात होते त्यांना महिन्याभरात परत भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. इथं जीन कुठला? स्ट्रेचर कुठल्या दारातून आत गेलं, एवढाच प्रश्न.

माझा बाप तीन वर्षं भिंतीला टेकून झोपला. एका मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं आडनाव विचारलं, वस्ती विचारली आणि मान खाली घालून लिहू लागला. दारूचा प्रश्न विचारला नाही. केसपेपरवर काय लिहिलं ते पुढं दुसऱ्या दवाखान्यात एका नर्सबाईनं वाचून दाखवलं. 'दारूमुळे हृदय निकामी.' माझ्या बापानं आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं, विपश्यनेला जाणारा माणूस. त्या एका ओळीनं रक्तदाबाचा तपास मागं पडला. त्या डॉक्टरच्या डोक्यातही एक यंत्र होतं, आडनाव टाकलं की रोग बाहेर पडतो. मला कुणी जीन्स शिकवू नका.

आणि खरंच जीन असतं तिथं काय होतं तेही ऐका. अमेरिकेतल्या काळ्यांत शंभरातल्या तीन-चार जणांत एक जनुकीय बदल सापडतो. त्यानं ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन हृदयाच्या स्नायूत साचत जातं, स्नायू ताठ होतो, उतारवयात हृदय हरतं. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. हे खरं आहे, रक्तातलंच आहे. पण शंभरातल्या शहाण्णव काळ्यांत ते नाही. म्हणजे कातडी बघून ते कळणार नाही, तपासणीच करावी लागेल. आणि 2019 मध्ये त्यावर औषध आलं, टॅफॅमिडिस. वर्षाचा छापील भाव सव्वादोन लाख डॉलर. वाचा परत. सव्वादोन लाख डॉलर. जिथं रक्ताचा फरक खोटा होता तिथं त्यांनी काळ्यांसाठी गोळी काढली. जिथं थोडासा खरा आहे तिथं गोळीला असा भाव लावला.

आपल्याकडं सिकलसेल बघा. विदर्भात आपल्या लोकांत आहे, आदिवासींत आहे. अमेरिकेतल्या काळ्यांत आहे. म्हणून कुणी म्हणतो, बघा, आपलं आणि त्यांचं रक्त एक. अरे, तो ग्रीसमध्येही आहे, अरबस्तानात आहे. जिथं हिवतापाचा डास पिढ्यान्‌पिढ्या चावला तिथं तो टिकला. डासाला वर्ण कळत नाही. ज्यांचं नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली त्या ब्लॅक पँथरांनी सिकलसेलचं काय केलं? रक्ताचा अभिमान धरून बसले नाहीत. फुकट दवाखाने काढले, 1971 पासून सिकलसेलची तपासणी वस्तीवस्तीत नेली आणि सरकारला विचारलं की आमच्या रोगावर तुम्ही आजवर खर्च किती केला. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, घोषणा घेतल्या. रक्तदाबाचं यंत्र घ्यायचं विसरलो.

मग वंश, जात मोजायचीच नाही काय? इथं आपल्यातले काही पांढरपेशे झालेले मित्र लगेच हो म्हणतील. दवाखान्यात जात कशाला, सगळे माणूसच. नाही. इथं माझं त्यांच्याशीही भांडण आहे. काळे-गोरे वेगळे मोजले म्हणून तर 27 तले 26 दिसले. मोजलंच नसतं तर 5115 मधले 27 म्हणजे किरकोळ, असं म्हणून वही बंद झाली असती. आणि नव्या औषधांच्या चाचण्यांत काळे किती घेतात? 2014 च्या एका मोठ्या चाचणीत 8399 रोग्यांत काळे शंभरी पाच. न मोजणं हीसुद्धा त्यांचीच सोय आहे. आपल्याकडं जातवार शेवटची पुरी मोजणी 1931 ची. 30 एप्रिल 2025 ला केंद्र सरकारनं येत्या जनगणनेत जात मोजण्याचं जाहीर केलं, तर लगेच ओरड, जात मोजली की जात वाढते. वजनकाट्यानं माणूस जाड होत नाही. जात मोजायची ती अन्याय कुठवर शिरला आहे हे बघायला. रक्तात काय आहे हे बघायला ती मोजू गेलात की रिस्लेच्या रांगेत उभे राहिलात.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडली. लॉस एंजेलिसमध्ये काळ्या न्हाव्यांच्या 52 दुकानांत रक्तदाब चढलेली 319 काळी माणसं शोधली. अर्ध्या दुकानांत न्हावी गिऱ्हाइकाला सांगायचा, नीट राहा, डॉक्टरला दाखव. अर्ध्या दुकानांत न्हाव्याच्या ओळखीनं औषधतज्ज्ञ दुकानातच यायचा, तिथंच मोजायचा, तिथंच गोळी सुरू करायचा. सहा महिन्यांनी पहिल्या दुकानांत वरचा रक्तदाब 9 नं उतरला, दुसऱ्या दुकानांत 27 नं. हा निकाल 2018 चा. त्याच काळ्यांचा, ज्यांना औषध लागू पडत नाही म्हणत होते. साध्या गोळ्या. नवं पेटंट नाही. ज्याच्यासमोर माणूस मान विश्वासानं पुढं करतो त्याच्या शेजारी बसून दिलेल्या. आपल्या गावांत न्हावी आपली हजामत करत नव्हता, अजून काही ठिकाणी भांडणं होतात. त्यामुळं ती दुकानाची कल्पना जशीच्या तशी आणता येणार नाही. आपल्याकडं मान पुढं करायची जागा विहार आहे.

म्हणून येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर यंत्र घेऊन बसतोय. वर्गणी काढून घेतलेलं आहे, दोन पट्टे आहेत, एक जाड दंडाचा. गिरणीतली चार पोरं आणि आपल्या वस्तीतली एक नर्सताई येणार. वहीत रकाने आखलेत : वय, काम, कुठली पाळी, धुळीत किती वर्षं, पाणी कुठून, घरात कोण कमी वयात गेलं, वरचा, खालचा. जातीचा रकाना मी आखला आहे. तो फार्मसीवाला मित्र म्हणतो त्याऐवजी रक्तगट लिही. नर्सताई म्हणते दोन्ही खोड. यायचं असेल तर साडेआठला या, शाईचं पेन घेऊन या.